आयातशुल्क वाढवल्याने कारखान्यांतील नोकऱ्या खरोखर देशात टिकतात का?

पृच्छक

नमस्कार. आयातशुल्काचा विषय जगभर पुन्हा ऐरणीवर आला आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये आयात होणाऱ्या पोलादावर २५ टक्के आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के जादा शुल्क बसवले, आणि जून २०२५ मध्ये बहुतेक देशांसाठी या दोन्ही धातूंवरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. अशा निर्णयांच्या समर्थनार्थ सर्वांत आधी पुढे केला जाणारा मुद्दा रोजगाराचा असतो. परदेशी माल महाग झाला की देशी माल खपेल, देशी माल खपला की कारखाने चालतील, आणि कारखाने चालले की कामगारांचे काम सुटणार नाही, असा हा सरळ युक्तिवाद आहे. त्यावर विरोधकांचे ठरलेले उत्तर असे असते की शुल्काचा भुर्दंड शेवटी ग्राहकालाच सोसावा लागतो.

हे उत्तर मला अपुरे वाटते. भुर्दंड पडतो हे मान्य केले, तरी त्याच्या बदल्यात कारखान्यांतील नोकऱ्या टिकणार असतील, तर एखादा समाज ती किंमत जाणूनबुजून मोजायला तयार होऊ शकतो आणि त्यात अविवेकी असे काहीच नाही. म्हणून महागाईचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून मला एवढेच विचारायचे आहे, की ज्या नोकऱ्यांच्या नावाने शुल्क लावले जाते त्या नोकऱ्या टिकतात का. टिकत असतील तर कोणत्या उद्योगांत आणि किती काळ? मुक्त व्यापाराची किंवा स्वदेशीची तत्त्वे सर्वांनाच ठाऊक आहेत. प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांच्या आधारे कोणी लिहिले तर चर्चेला अर्थ येईल.

ताळेबंद

प्रश्न नेमका मांडला आहे, पण उत्तर देण्यापूर्वी 'कोणाच्या नोकऱ्या' हे ठरवायला हवे. आयातशुल्क तीन प्रकारच्या कामगारांपर्यंत पोहोचते. ज्या उद्योगाला संरक्षण मिळाले त्याचे कामगार पहिले. त्या उद्योगाचा माल विकत घेऊन पुढे काहीतरी बनवणाऱ्या कारखान्यांचे कामगार दुसरे. आणि ज्यांचा माल परदेशी जातो, त्यामुळे समोरच्या देशाने प्रत्युत्तरादाखल लावलेले शुल्क ज्यांच्या वाट्याला येते, ते तिसरे. बहुतेक वादविवादांत फक्त पहिल्या गटाची मोजणी होते आणि तेवढ्यावर निकाल दिला जातो.

पहिल्या गटापुरते बोलायचे तर धुलाईयंत्रांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण त्यात एकाच उद्योगात लागोपाठ तीन प्रयोग झाले. दक्षिण कोरियाच्या दोन बड्या कंपन्या अमेरिकेत स्वस्तात धुलाईयंत्रे विकत होत्या. २०१२-१३ च्या सुमारास अमेरिकेने कोरिया आणि मेक्सिको येथून येणाऱ्या यंत्रांवर डंपिंगविरोधी शुल्क (म्हणजे अवाजवी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचे जादा शुल्क) बसवले, तेव्हा या कंपन्यांनी उत्पादन चीनमध्ये हलवले. पुढे चीनमधून येणाऱ्या यंत्रांवर शुल्क लागले, तेव्हा ते थायलंड आणि व्हिएतनाममध्ये गेले. दोन्ही वेळा शुल्क लागू झाले, पण काम अमेरिकेत आले नाही. त्याने फक्त पत्ता बदलला. जानेवारी २०१८ मध्ये जवळपास सर्वच देशांतून येणाऱ्या यंत्रांवर शुल्क लागले, पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के आणि त्यापुढील प्रत्येक यंत्रावर ५० टक्के. पळायला जागा उरली नाही तेव्हा सॅमसंगने साउथ कॅरोलायनातील न्यूबेरी येथे आणि एलजीने टेनेसीतील क्लार्क्सव्हिल येथे कारखाने चालू केले. हे निर्णय शुल्क प्रत्यक्ष लागू होण्याच्या थोडे आधी, त्याची चाहूल लागल्यावर जाहीर झाले होते.

म्हणजे इथे शुल्काने नोकऱ्या आणल्या, हे नाकारता येत नाही. प्रश्न किमतीचा आहे. आरॉन फ्लॅन, अली होर्ताचसू आणि फेलिक्स टिंटेलनॉट या तीन अर्थशास्त्रज्ञांनी या प्रसंगाचा अभ्यास केला. त्यांच्या हिशोबानुसार सुमारे १,८०० नव्या नोकऱ्या निर्माण झाल्या आणि धुलाईयंत्रांच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या. कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर कोणतेही शुल्क नव्हते, तरीही त्यांच्या किमती जवळपास तेवढ्याच वाढल्या, कारण ही दोन यंत्रे जोडीने विकली जातात आणि विक्रेत्यांनी वाढीव किंमत दोन्हींवर वाटून टाकली. शुल्कातून सरकारला मिळालेले उत्पन्न वजा केल्यावरही दर नोकरीमागे ग्राहकांनी वर्षाला सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर जादा मोजले. इतके वेतन त्या कारखान्यातल्या कोणत्याही कामगाराला मिळत नाही. तुम्ही महागाईचा प्रश्न बाजूला ठेवायला सांगितला आहे हे लक्षात आहे, तरीही हा आकडा मुद्दाम देत आहे, कारण ग्राहकाने यंत्रासाठी जे जास्त पैसे दिले ते त्याने अन्यत्र खर्च केले नाहीत, आणि त्या अन्यत्र ठिकाणीही कोणाची तरी नोकरी होती.

दुसऱ्या गटाची गोष्ट पोलादात स्पष्ट दिसते. मार्च २००२ मध्ये अमेरिकेने पोलादाच्या अनेक प्रकारांवर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले आणि डिसेंबर २००३ मध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या बऱ्याच आधी, ते काढून घेतले. एकीकडे जागतिक व्यापार संघटनेत निकाल विरुद्ध गेला होता आणि युरोपीय महासंघाने प्रतिशुल्काची यादी तयार ठेवली होती. दुसरीकडे देशातल्या पोलाद वापरणाऱ्या कारखानदारांनीच ओरड सुरू केली होती. त्यांच्या संघटनेने करवून घेतलेल्या अभ्यासात पोलाद महागल्यामुळे दोन लाख नोकऱ्या गेल्याचा दावा होता. हा आकडा मी जसाच्या तसा स्वीकारणार नाही, कारण अभ्यासाचा खर्च उचलणाऱ्याचे हित त्यात उघड होते आणि तो काळ मंदीचाही होता. परंतु आकड्याची दिशा चुकीची नव्हती. पोलाद बनवणाऱ्या कामगारांच्या मानाने पोलाद कापणारे, वाकवणारे, जोडणारे कामगार कितीतरी पटींनी अधिक असतात, त्यामुळे त्यांच्यातील अगदी थोड्या टक्क्यांचे काम गेले तरी पोलाद उद्योगाचा सगळा फायदा पुसला जातो.

२०१८-१९ च्या शुल्कांविषयी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतील फ्लॅन आणि जस्टिन पिअर्स यांनी तिन्ही गट एकत्र धरून हिशोब मांडला. संरक्षणामुळे रोजगारात थोडी वाढ दिसली, पण महागलेला कच्चा माल आणि परदेशांची प्रतिशुल्के यांनी केलेली घट त्याहून मोठी निघाली. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये केलेल्या अभ्यासातही नव्याने संरक्षण मिळालेल्या उद्योगांच्या भागांत रोजगार वाढल्याचे आढळले नाही, आणि प्रतिशुल्काचा फटका मात्र, विशेषतः शेतीला, बसल्याचे आढळले. ऑटर हे नाव इथे महत्त्वाचे आहे, कारण चिनी मालाच्या लोंढ्याने अमेरिकेतील नोकऱ्या घालवल्या हे पुराव्यानिशी सांगणाऱ्यांत तेच आघाडीवर होते.

सुटेभाग

मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदीचे काम पाहतो. ताळेबंद यांच्या दुसऱ्या गटात मी मोडतो, म्हणून त्या बाजूचा हिशोब थोडा विस्ताराने लिहितो.

शुल्काचा जो टक्का वर्तमानपत्रात छापून येतो, त्यावरून कारखान्याला किती संरक्षण मिळाले हे कळत नाही. समजा एखादी वस्तू जागतिक बाजारात १०० ला विकली जाते आणि तिच्यात ६० चा कच्चा माल व सुटे भाग लागतात. उरलेल्या ४० मध्ये मजुरी, व्याज आणि नफा भागवायचा असतो. आता तयार वस्तूवर १० टक्के शुल्क लावले आणि कच्चा माल शुल्कमुक्त ठेवला, तर देशी कारखानदाराला तीच वस्तू ११० पर्यंत विकता येते आणि त्याच्या हाती ४० ऐवजी ५० राहतात. शुल्क १० टक्के, पण संरक्षण २५ टक्के. याउलट तयार वस्तूवर १० टक्के आणि कच्च्या मालावर २० टक्के शुल्क असेल, तर ६० चा माल ७२ ला पडतो, आणि ११० मधून ७२ गेले की ३८ उरतात. म्हणजे देशात कोणतेच शुल्क नसते तर या कारखान्याची स्थिती बरी असती. मॅक्स कॉर्डन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात ही मांडणी पक्की केली आणि तिला 'प्रभावी संरक्षण' असे नाव आहे, पण तिचा अनुभव यायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, रसायने, सूत अशा मूळ मालावर जास्त शुल्क आणि तयार मालावर कमी शुल्क अशी उलटी रचना अनेक देशांत दिसते. तिचे कारण आर्थिक कमी आणि राजकीय जास्त आहे. मूळ माल बनवणारे कारखाने मोजके, मोठे आणि संघटित असतात, त्यांचे म्हणणे मंत्रालयापर्यंत पोहोचते. तो माल वापरणारे हजारो छोटे कारखाने विखुरलेले असतात आणि त्यातल्या प्रत्येकाचे नुकसान वेगळे असते. पोलादाची एखादी भट्टी वाचल्याची बातमी होते, पण दहा ठिकाणी दोन-दोन माणसे कमी झाली तर त्याची बातमी होत नाही.

आणखी एक गोष्ट अभ्यासांत फारशी उतरत नाही, ती म्हणजे अनिश्चितता. शुल्क दहा टक्के असो वा तीस, ते पाच वर्षे तेवढेच राहणार असे खात्रीने ठाऊक असेल तर आम्ही त्याप्रमाणे दर ठरवू शकतो, पुरवठादार बदलू शकतो, नवे यंत्रही घेऊ शकतो. पण ते केव्हा चढेल, कोणाला सूट मिळेल आणि केव्हा उतरेल याचा अंदाज नसेल, तर कोणीही नवी माणसे कायम करून घेत नाही. आमच्याकडे अशा काळात जादा काम निघाले तरी ते कंत्राटी माणसांकडून किंवा जादा पाळीत करून घेतले जाते. कायम नोकरी ही गुंतवणूक असते, आणि फिरत्या धोरणावर गुंतवणूक करायला मालक धजावत नाही.

रोखठोक

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण त्यांतून निघणारा एकूण सूर मला मान्य नाही.

दर नोकरीमागे ८ लाख डॉलर हा आकडा नेहमी असाच मांडला जातो. त्यात एका वर्षाची जादा किंमत त्या क्षणी निर्माण झालेल्या नोकऱ्यांनी भागली आहे. कारखाना एकदा उभा राहिला की तो अनेक वर्षे चालतो, त्याच्याभोवती पुरवठादार जमतात, गावात कसबी माणसे तयार होतात. यातले काहीही त्या भागाकारात येत नाही. शिवाय कारखाना बंद पडल्यावर त्या गावाचे काय होते, याची किंमत दुसऱ्या बाजूला मांडलीच जात नाही. ताळेबंद यांनी ज्या ऑटर यांचा दाखला दिला, त्यांनीच डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांच्यासोबत २०१३ मध्ये दाखवून दिले होते की चिनी आयातीचा मारा ज्या भागांवर जास्त झाला तिथे बेरोजगारी वाढली, वेतन घसरले आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या वाढली. पुस्तकी सिद्धांत सांगत होता की कामगार दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात जातील. ते गेले नाहीत. २००० ते २०१० या दहा वर्षांत अमेरिकेतील कारखान्यांत सुमारे १ कोटी ७३ लाख कामगार होते ते १ कोटी १५ लाखांवर आले. ही सगळी घट चीनमुळे झाली असे मी म्हणत नाही, पण वेळेवर आणि माफक संरक्षण मिळाले असते तर ती इतकी झपाट्याने झाली नसती, असे म्हणायला जागा आहे.

संरक्षणाने काम आणल्याची उदाहरणेही कमी नाहीत. १९८१ पासून जपानने अमेरिकेच्या दबावाखाली आपल्या मोटारींची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर रोखून धरली. पुढच्या काही वर्षांत होंडा ओहायोत, निस्सान टेनेसीत आणि टोयोटा केंटकीत मोटारी बनवू लागल्या, आणि ते कारखाने आजही चालू आहेत. त्याहून जुने उदाहरण हलक्या ट्रकांचे आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवले म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ पासून हलक्या ट्रकांवर २५ टक्के शुल्क लावले. कोंबड्यांचे भांडण केव्हाच विसरले गेले, शुल्क मात्र अजून आहे, आणि अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक पिकअप ट्रक आजही उत्तर अमेरिकेतच बनतात.

आणि दक्षिण कोरियाचे काय? ह्युंदाईने १९७५ मध्ये आपली पहिली स्वतःची मोटार बाजारात आणली तेव्हा कोरियाची बाजारपेठ परदेशी मोटारींना जवळपास बंद होती. १९८६ मध्ये तीच कंपनी अमेरिकेत मोटारी विकू लागली. आज श्रीमंत असलेल्या बहुतेक देशांनी, अमेरिका आणि जर्मनीसकट, आपले कारखाने शुल्काच्या आडोशालाच वाढवले. वर चढून गेल्यावर शिडी काढून घेणे सोपे असते.

ताळेबंद

रोखठोक, जपानी मोटारींच्या उदाहरणात तारखा पाहायला हव्यात. होंडाने ओहायोत मोटारींचा कारखाना काढण्याचे १९८० मध्येच जाहीर केले होते, म्हणजे निर्यातमर्यादा येण्यापूर्वी. निस्साननेही टेनेसीची निवड त्याच वर्षी केली, आणि तिथे १९८३ मध्ये सर्वप्रथम जे वाहन तयार झाले ते मोटार नसून पिकअप ट्रक होता. त्यामुळे त्या निर्णयात तुमच्या २५ टक्क्यांच्या शुल्काचा वाटा मला निर्यातमर्यादेपेक्षा अधिक वाटतो. हा मुद्दा तुमच्याच बाजूचा आहे, तो मी लपवत नाही. परंतु हे कारखाने अमेरिकी मोटारउद्योगाचे जुने केंद्र असलेल्या डेट्रॉइटमध्ये निघाले नाहीत. ते मुख्यतः कामगार संघटना दुबळ्या असलेल्या भागांत निघाले. नोकऱ्या देशात राहिल्या, पण ज्यांच्यासाठी संरक्षण मागितले होते त्या माणसांकडे त्या आल्या नाहीत.

ट्रकांच्या शुल्कातून पळवाटा काढण्याचे प्रकारही पाहण्यासारखे आहेत. फोर्ड ही स्वतः अमेरिकी कंपनी तुर्कस्तानात बनलेल्या मालवाहू गाड्या मागच्या आसनांसह, प्रवासी वाहन म्हणून आयात करत असे, आणि बंदरातून बाहेर आल्यावर ती आसने काढून टाकत असे. सरकारशी चाललेला हा वाद २०२४ मध्ये साडेछत्तीस कोटी डॉलर भरून मिटवण्यात आला. मोठा आणि कायमचा शुल्कफरक असला की कंपन्यांची हुशारी वाहन सुधारण्याऐवजी जकातीच्या वर्गवारीवर खर्च होते.

कोरियाबाबत मात्र एक महत्त्वाची गोष्ट तुम्ही गाळली. तिथे संरक्षणाची अट निर्यात होती. बंद बाजारात कमावलेला पैसा परदेशी बाजारात स्पर्धा करण्यासाठी वापरावा लागे, आणि निर्यातीचे लक्ष्य न गाठणाऱ्याचे कर्ज व सवलती आटत. ब्राझीलने १९८४ मध्ये कायदा करून संगणकांची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी राखून ठेवली, पण अशी अट घातली नाही. परिणामी महाग आणि मागास संगणक तयार झाले, ते वापरणारे इतर सगळे उद्योग मागे पडले, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती राखीव व्यवस्था मोडीत काढावी लागली. भिंत दोन्हीकडे होती. फरक अटीचा होता.

पृच्छक

सर्वांचे आभार. चर्चा वाचताना हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकी मोटारसायकल कंपनीचे उदाहरण आठवले. संरक्षणाचे समर्थक ते यशाचा दाखला म्हणून सांगतात आणि विरोधक त्याला योगायोग म्हणतात. कोणी त्याबद्दल लिहील का? आणि दुसरे असे, की यंत्रे आणि स्वयंचलन यांचा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही. जी नोकरी परदेशी मालामुळे जाणारच नाही, तर यंत्रामुळे जाणार आहे, ती शुल्क कशी वाचवणार?

सुटेभाग

हार्लेबद्दल मी लिहितो.

१९८३ मध्ये अमेरिकेने ७०० सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींवरचे शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेले. ते पाच वर्षांसाठी होते आणि दर वर्षी उतरत जाणार होते, हे महत्त्वाचे. हार्ले तेव्हा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती आणि तिने आदल्या वर्षी मोठी कामगारकपात केली होती. जपानी कंपन्यांनी आपल्या ७५० सीसीच्या गाड्यांची इंजिने ७०० च्या किंचित खाली आणून शुल्क चुकवले, आणि होंडा व कावासाकी यांच्या मोठ्या गाड्या अमेरिकेतही बनत असल्याने त्यांना ते फारसे लागलेच नाही. त्यामुळे शुल्काने हार्लेला वाचवले असे सरसकट म्हणता येत नाही. तिला वाचवले ते कारखान्यातील बदलांनी. साठा कमी ठेवणे, भाग लागेल तेव्हाच मागवणे, दोष यंत्रावरच पकडणे या जपानी पद्धती तिने जपान्यांकडूनच उचलल्या. शुल्काने कदाचित बँकांना धीर दिला आणि तेवढा वेळ मिळाला. १९८७ मध्ये कंपनीने स्वतःहून मुदतीपूर्वी शुल्क काढून घ्यायला सांगितले. संरक्षण नको असे स्वतः म्हणणारा उद्योग मला दुसरा ठाऊक नाही.

या गोष्टीचा उत्तरार्ध फार कमी सांगितला जातो. २०१८ मध्ये अमेरिकेने पोलाद-अ‍ॅल्युमिनियमवर शुल्क लावल्यावर युरोपीय महासंघाने प्रत्युत्तरासाठी जो माल निवडला त्यात मोठ्या मोटारसायकली होत्या आणि त्यांवरचे शुल्क ६ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेले. म्हणजे हार्लेचा धातू महागला आणि गाडीही महागली. कंपनीने युरोपसाठीचे उत्पादन अमेरिकेबाहेर नेण्याचे जाहीर केले. एका शुल्काने सावरायला अवसर मिळालेली कंपनी पस्तीस वर्षांनी दुसऱ्या शुल्कामुळे काम देशाबाहेर न्यायला निघाली.

यंत्रविद्या

स्वयंचलनाच्या प्रश्नाचे उत्तर पोलादातच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एक टन पोलाद बनवायला सुमारे दहा मनुष्यतास लागत. आता दोन तासही लागत नाहीत. यात जुन्या कारखान्यांच्या सुधारणेचा भाग आहे, पण मोठा वाटा भंगार वितळवून पोलाद बनवणाऱ्या विजेच्या भट्ट्यांचा आहे. लोहखनिज, कोळसा आणि झोतभट्टी असा प्रचंड पसारा लागणाऱ्या कारखान्याच्या जागी थोड्या माणसांत चालणारा छोटा कारखाना आला. त्याच देशातल्या, शेजारच्या राज्यातल्या या भट्टीने जुन्या कारखान्याचे जे कामगार घरी बसवले, त्यांना कोणतेही आयातशुल्क वाचवू शकत नव्हते, कारण तो माल सीमा ओलांडून आलाच नव्हता.

जर्मनी आणि जपान हे देश दीर्घकाळ कारखान्यांचा माल मोठ्या प्रमाणावर निर्यात करत आले आहेत. तरीही दोन्ही देशांत एकूण रोजगारातील कारखान्यांचा वाटा काही दशकांपासून घटत आला आहे. आयातीने कारखाने बुडवल्याचे कारण तिथे पुरत नाही. प्रत्येक कामगारामागे निघणारा माल वाढला आणि लोकांचा खर्च वस्तूंकडून सेवांकडे वळला, हे त्याचे मुख्य कारण आहे.

याचा एक परिणाम शुल्काच्या समर्थकांनी विचारात घ्यायला हवा. महाग मजुरीच्या देशात शुल्कामुळे एखादा उद्योग परत आला, तर तो जसा गेला होता तसा परतत नाही. जिथे पूर्वी हजार माणसे हाताने जुळणी करत होती तिथे आता यंत्रमानवांची रांग उभी राहते आणि तिच्यावर देखरेख करणारे, दुरुस्ती करणारे थोडे तंत्रज्ञ लागतात. त्यामुळे उत्पादनाचा आकडा वाढतो, नोकऱ्यांचा फारसा वाढत नाही. उत्पादन देशात असावे, युद्ध किंवा साथीच्या काळात पुरवठा अडू नये, असा हेतू असेल तर शुल्काचे समर्थन करता येईल, आणि तो हेतू मला स्वतःला पटण्यासारखा वाटतो. पण मग ते समर्थन देशाच्या सुरक्षिततेच्या नावाने करावे, रोजगाराच्या नावाने करू नये.

कपड्यांच्या उद्योगात यंत्रे अजून फार शिरलेली नाहीत, म्हणून तिथले उदाहरण वेगळे पडते. १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत श्रीमंत देशांनी गरीब देशांतून येणाऱ्या कापडावर आणि कपड्यांवर देशवार कोटा ठेवला होता. तीस वर्षांचे हे संरक्षण असूनही अमेरिकेतील शिवणकामाच्या नोकऱ्या घटत गेल्या. कोट्याचा खरा लाभ झाला तो ज्यांचा कोटा भरलेला नव्हता अशा देशांना. बांगलादेशातील तयार कपड्यांच्या उद्योगाला सुरुवातीच्या काळात बळ मिळाले त्यामागे हे एक कारण होते, कारण कोरियाच्या कंपन्या आपला कोटा संपल्यावर तिथे जाऊन काम देऊ लागल्या.

रोखठोक

कपड्यांचे उदाहरण मान्य आहे. पण भिंत पाडल्यावर काय होते तेही पाहा. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या मध्यावर मोटारींवर ५७.५ टक्के शुल्क होते, शिवाय कोटा. तिथून ते टप्प्याटप्प्याने उतरवत २०१० मध्ये ५ टक्क्यांवर आणले. ऑक्टोबर २०१६ मध्ये फोर्डने आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये टोयोटा व होल्डन यांनी तिथले उत्पादन थांबवले. आज त्या देशात सर्वसामान्य प्रवासी मोटारीचे मोठ्या प्रमाणावर उत्पादनच होत नाही.

ताळेबंद

होय, पण ५७.५ टक्क्यांच्या आड तिथे काय चालले होते? छोट्या बाजारपेठेत अनेक कंपन्या अनेक नमुन्यांच्या मोटारी थोड्या थोड्या संख्येने बनवत होत्या, आणि त्यामुळे एकही कारखाना फायद्याच्या आकाराला पोहोचत नव्हता. १९८४ च्या सरकारी योजनेचा उद्देशच नमुन्यांची संख्या कमी करून प्रत्येकाचे उत्पादन वाढवणे हा होता. शुल्क उंच राहिले असते तर ते कारखाने आणखी काही वर्षे चालले असते, हे मी नाकारत नाही. पण ज्या बाजारपेठेचा आकार एका चांगल्या कारखान्यापुरताही नाही, तिथे कितीही शुल्क लावले तरी तो आकार वाढत नाही. निर्यात हा एकच मार्ग उरतो, आणि महाग पोलाद, महाग सुटे भाग घेऊन निर्यात होत नाही.

भारतातील मोबाइल फोनचे उदाहरण इथे जोडावेसे वाटते. २०१७ च्या अखेरीस आणि २०१८ च्या सुरुवातीस तयार फोनवरचे शुल्क वाढवत २० टक्क्यांवर नेले गेले, त्यानंतर फोनची देशातली जुळणी आणखी वाढली. निर्यातीचा वेग मात्र २०२० मधील उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनेनंतर वाढला, आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हेच शुल्क १५ टक्क्यांवर उतरवले गेले. त्यातून नेमके श्रेय कोणाला द्यायचे यावर वाद होऊ शकतो.

पृच्छक

माझ्या दोन उपप्रश्नांपैकी 'कोणत्या उद्योगांत' याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले. ज्या मालाचा पुढे कच्चा माल म्हणून वापर होत नाही, ज्याची देशातली बाजारपेठ मोठी आहे आणि जो दुसऱ्या देशातून वळवून आणता येत नाही, अशा मालावर शुल्काचा परिणाम टिकण्याची शक्यता अधिक दिसते. पिकअप ट्रक या तिन्ही कसोट्यांवर बसतो, पोलाद पहिल्याच कसोटीवर अडते.

'किती काळ' याबाबत मात्र हार्लेचे उतरते शुल्क आणि साठ वर्षे हललेले नाही असे ट्रकांचे शुल्क, ही दोन टोके समोर आहेत. शुल्क लावतानाच ते दर वर्षी किती उतरेल हे कायद्यात लिहून ठेवले आणि ते प्रत्यक्षात त्याप्रमाणे उतरले, अशी हार्लेखेरीज आणखी उदाहरणे कोणाला ठाऊक असतील तर कृपया लिहावीत. मोटारसायकल हा लहान उद्योग आहे, आणि हजारोंच्या नोकऱ्या ज्यावर अवलंबून आहेत अशा उद्योगाबाबत कोणते सरकार ते वेळापत्रक पाळू शकले, हे मला पाहायचे आहे.

रोखठोक

ऑस्ट्रेलियाचेच घ्या. त्यांनी उतरते वेळापत्रक बऱ्याच अंशी पाळले. मधल्या काळात काही वर्षे कपात थांबवली, उद्योगाला अनुदानेही दिली, पण शेवटी ५ टक्क्यांवर आणलेच. ते पाळले गेले म्हणूनच तर मी ते उदाहरण दिले होते.